मायक्रोबिट आणि आर्डुइनो: वरवर सारखे, वर्गात कामं वेगळी

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच्या चार दिवस आधी दुसऱ्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम कापडी पिशवी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आल्या. पिशवीत दोन बोर्ड होते. एक निळा, दोन्ही कडांना काळ्या छिद्रांच्या रांगा असलेला. दुसरा आगपेटीहून थोडा मोठा, खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या आणि पाच मोठी भोकं. मॅडमनी विचारलं, "सर, हे दोन्ही रोबोटिक्सचेच ना? मग दोन कशाला? सहावीच्या पोरांना यातला कोणता देऊ?"

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी कोणी ना कोणी विचारतं, म्हणून सविस्तर लिहितोय. त्यातला निळा तो आर्डुइनो, बारका तो मायक्रोबिट.

आधी सारखेपणा सांगतो, कारण गोंधळ तिथूनच होतो. दोन्हींपैकी एकही रोबोट नाही. दोन्ही मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड आहेत. संगणकावर प्रोग्रॅम लिहायचा, केबलने बोर्डात पाठवायचा, मग केबल काढून सेल लावले की बोर्ड तेच काम एकटा करत राहतो. वीज गेली तरी प्रोग्रॅम पुसला जात नाही. नवा टाकला की जुना जातो. इथपर्यंत दोन्ही भावंडं.

फरक कळायला ते कोणासाठी बनले हे पाहावं. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावच्या एका डिझाइन संस्थेत सुरू झाला. वस्तू घडवणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स स्वस्तात आणि झटपट जोडता यावं, ही त्यामागची गरज. मायक्रोबिट बीबीसीने आणला आणि २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना तो वाटला. एक बनला घडवणाऱ्यासाठी, दुसरा पहिल्यांदा हात लावणाऱ्यासाठी. पुढचे सगळे फरक यातूनच निघतात.

मायक्रोबिट हातात घ्या. समोर पंचवीस बारीक दिवे, पाच ओळी आणि पाच स्तंभांत. दोन बाजूंना दोन बटणं. आत हालचाल ओळखणारा सेन्सर, होकायंत्र, प्रकाश आणि तापमान कळायची सोय, शिवाय दुसऱ्या मायक्रोबिटशी बोलायला रेडिओ. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्पीकर आणि माइकही आहे. म्हणजे डोळे, कान, त्वचा घेऊनच तो पेटीतून बाहेर येतो. एकही वायर न जोडता तासभराचं काम निघतं.

उनो म्हणजे शाळांत सहसा दिसणारा आर्डुइनोचा बोर्ड. त्यावर यातलं काहीच नाही. १४ डिजिटल पिना (चालू की बंद एवढंच जाणणाऱ्या), ६ अॅनालॉग पिना (कमी-जास्त मोजणाऱ्या) आणि प्रोग्रॅमने चालवता येईल असा एकच बारका दिवा, तोही १३ क्रमांकाच्या पिनेला जोडलेला. बाकी जे काही दिसायला, ऐकायला, फिरायला हवं ते तुम्ही विकत आणायचं आणि जोडायचं. हा बोर्ड म्हणजे भिंती उभ्या राहिलेलं, पण आत सामान नसलेलं घर.

वर्गासाठी बोर्ड निवडताना मी एकच हिशेब करतो: कपाट उघडल्यापासून पोरांच्या डोळ्यांसमोर काहीतरी घडेपर्यंत किती मिनिटं गेली. आपला तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी, रांगा, गट पाडणं यात सात-आठ मिनिटं जातातच.

मायक्रोबिटला ड्रायव्हर, म्हणजे बोर्ड ओळखायला संगणकात टाकायचा छोटा प्रोग्रॅम, बसवावा लागत नाही. संगणकाला लावला की पेन ड्राइव्हसारखा दिसतो. मेककोड या प्रोग्रॅम लिहायच्या साधनात ठोकळे ओढून प्रोग्रॅम केला, फाइल उतरवली आणि त्या ड्राइव्हवर टाकली, की मागचा बारीक दिवा लुकलुकतो आणि काम सुरू. शाळेतलं इंटरनेट भरवशाचं नसेल तर मेककोडचं विंडोजवरचं अॅप आधीच बसवून ठेवा. आमच्याकडे पहिल्याच तासात सहावीतल्या पोरीने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर त्या पंचवीस दिव्यांत उमटवलं आणि बोर्ड छातीशी धरून वर्गभर फिरली. तिला पुढच्या तासाची आठवण करून द्यावी लागली नाही.

आर्डुइनोचा पहिला तास असा जात नाही, आणि त्यात आर्डुइनोचा दोष नाही. त्याचा आराखडा खुला असल्यामुळे बाजारात अनेक कारखान्यांचे बोर्ड मिळतात आणि ते बरेच स्वस्त पडतात. नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागितलात तर बहुधा तसाच बोर्ड हाती येईल. त्यातल्या पुष्कळांवर यूएसबीसाठी सीएच३४० नावाची चिप असते आणि जुन्या संगणकांवर तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. पहिल्या वर्षी हे मला माहीत नव्हतं. बारा संगणक, बारा गट, आणि पोर्टच्या यादीत बोर्डाचं नाव एकाही ठिकाणी दिसेना. अख्खा तास त्यात गेला. आता मी आदल्या संध्याकाळी प्रत्येक संगणकावर बोर्ड लावून, पोर्ट निवडून, दिवा एकदा लुकलुकवून घेतो. तुम्हीही घ्या. आर्डुइनोच्या वर्गाची निम्मी तयारी हीच.

ते जमलं की ब्रेडबोर्ड येतो, म्हणजे डाग न देता वायरी खोचून जोडायची छिद्रांची पाटी, आणि इथे जरा थांबायला हवं. ब्रेडबोर्डच्या मधल्या भागात एका ओळीतली पाच छिद्रं आतून एकमेकांना जोडलेली असतात. हे वरून दिसत नाही. पोरं एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत खुपसतात, वीज एलईडीतून न जाता आतल्या पट्टीतूनच निघून जाते आणि आवाज येतो, "सर, हे चालूनच नाही राहिलं!" मी फळ्यावर आकृत्या काढून थकलो. शेवटी एक जुना ब्रेडबोर्ड उलटा करून त्याच्या पाठीचा चिकट कागद सोलला. आतल्या धातूच्या पट्ट्या दिसल्या. चिमट्याने एक पट्टी उपसून पोरांच्या हातात दिली. पाच खाचांची ती पट्टी बोटांत फिरवल्यावर त्या वर्गात तो प्रश्न पुन्हा आला नाही. एवढ्यासाठी एक ब्रेडबोर्ड खर्ची घालाच.

मग आमच्या व्हरायटी चौकातल्या वाहतुकीचा सिग्नल करायचा: लाल, पिवळा, हिरवा. प्रत्येक एलईडीसोबत २२० ओहमचा रोध, त्यावरचे पट्टे लाल, लाल, तपकिरी. रोध कशाला, असं कोणी विचारलं की नववीच्या पुस्तकातला ओहमचा नियम काढायचा. पिनेवर ५ व्होल्ट, लाल एलईडी घेतो साधारण २, उरले ३. त्यांना २२० ने भागलं की जवळपास १४ मिलिअँपिअर. उनोच्या एका पिनेवर २० मिलिअँपिअरपर्यंतचा भार ठेवावा, म्हणजे आपण सुखरूप. पाठ केलेलं सूत्र टेबलावर उजळताना पाहण्याचा हा आनंद मायक्रोबिट इतक्या थेटपणे देत नाही, कारण त्याचे दिवे आधीच जोडलेले आहेत. म्हणून आठवी-नववीला मला आर्डुइनोच हवा असतो.

अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचंही तसंच. समोर ३४ सेंटिमीटरवर हात धरला तर ध्वनीला जाऊन परत यायला सुमारे २ मिलिसेकंद लागतात. प्रोग्रॅममध्ये आपण वेग सेकंदाला ३४० मीटर धरलेला असतो. पण ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.६ मीटरने. एप्रिलच्या दुपारी आमच्या खोलीत पारा ४० वर असताना तो ३५५ च्या आसपास जातो. मग मीटरपट्टीने १०० सेंटिमीटर मोजून ठेवलेली भिंत सेन्सर ९६ वर दाखवतो. पोरांना वाटलं सेन्सर खराब आहे. थंडीतल्या नोंदी वहीत होत्या, त्या शेजारी ठेवल्या आणि मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. नागपूरच्या उन्हाने शिकवलेला हा धडा मी दरवर्षी घेतो.

मायक्रोबिटलाही तापमान विचारता येतं, पण तो आकडा हवेचा नसतो, चिपचा असतो. खोलीतल्या तापमापीपेक्षा तो सहसा चढाच येतो. दोन्ही शेजारी ठेवून फरक लिहायला लावा. आणि रेडिओचा प्रयोग कराल तेव्हा प्रत्येक जोडीला वेगळा गट क्रमांक द्या, ० ते २५५ मधला कोणताही. आम्ही फळ्यावर १ लिहिला, सगळ्यांनी तोच उतरवला आणि प्रत्येकाचा निरोप प्रत्येकाकडे पोहोचला. आता जोडीतल्या एकाचा हजेरी क्रमांक हाच त्या जोडीचा गट क्रमांक.

जिथे खरोखर नुकसान होतं तो फरक व्होल्टचा. उनो ५ व्होल्टवर चालतो, मायक्रोबिट साधारण ३ वर. एका पेटीतलं सामान दुसऱ्या पेटीत गेलं की घोळ. वर सांगितलेला तोच सेन्सर, एचसी-एसआर०४, ५ व्होल्टवर लावला तर बोर्डाला उत्तर देणारी त्याची एको पिनही ५ व्होल्ट बाहेर टाकते. उनोला ते चालतं. मायक्रोबिटच्या पिनेला ते झेपणारं नाही. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचे दोन रोध लावून व्होल्ट उतरवावे लागतात, नाहीतर ३ व्होल्टवर चालणारा सेन्सर घ्यावा. तसंच मायक्रोबिटच्या सेलच्या डबीत दोन बारके सेल असतात. चार सेलची डबी त्याच्या ३ व्होल्टच्या भोकाला जोडू देऊ नका.

आता मोटार, कारण पोरांना शेवटी गाडीच हवी असते. पिवळ्या खोक्याची बीओ मोटार दोन्हींपैकी कोणत्याही बोर्डाच्या पिनेला थेट लावायची नाही. पिन जेवढा प्रवाह देते त्याच्या कित्येक पट मोटार सुरू होतानाच ओढते. मध्ये मोटार ड्रायव्हर नावाचा वेगळा छोटा बोर्ड लागतो (संगणकातला ड्रायव्हर वेगळा) आणि मोटारीला वेगळे सेल. सर्रास मिळणारा एल२९८एन ड्रायव्हर स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो, त्यामुळे चार सेलच्या ६ व्होल्टमधले मोटारीपर्यंत ४ च पोहोचतात. गाडी रडतखडत चालली तर मोटारीला दोष देण्याआधी हे पाहा. आणि सगळं बरोबर जोडूनही चाकं हललीच नाहीत, तर बोर्डाचा ग्राउंड (ऋण बाजू) आणि ड्रायव्हरचा ग्राउंड एकाच वायरने जोडलाय का ते तपासा. मोटारीचे सेल वेगळे असले तरी ग्राउंड एकच हवा. माझ्याकडे बंद पडून आलेल्या दहा गाड्यांतल्या सहा-सात तरी या एका वायरीवर सुरू झाल्या.

गाडीसाठी मायक्रोबिट वापरायचा तर आणखी एक अडचण. मगरचिमट्याने पकडता येतील अशी कामाची भोकं तीनच: ०, १ आणि २. उरलेल्या दोन मोठ्या भोकांत एक ३ व्होल्टचं, एक ग्राउंडचं. बारक्या पट्ट्यांपर्यंत पोहोचायला वेगळा कनेक्टर घ्यावा लागतो आणि त्यातल्या काही पिना समोरच्या दिव्यांशी वाटून घेतलेल्या असतात. म्हणून मायक्रोबिटची गाडी करायची तर ड्रायव्हर आतच असलेली तयार चौकट घेतलेली बरी. आर्डुइनोत ही अडचण येत नाही, पण तिथे वायरींचं जंजाळ होतं. रंग ठरवून द्या: लाल धन, काळी ग्राउंड, बाकी काहीही. हा नियम मोडलेली जोडणी मी तपासतच नाही.

खर्चाचं थोडक्यात. एकेका बोर्डाची किंमत पाहिली तर उनोची नक्कल मायक्रोबिटपेक्षा बरीच स्वस्त. पण तिच्यासोबत ब्रेडबोर्ड, रोध, एलईडी, बटण, सेन्सर आणि तुटणाऱ्या जंपर वायरी जोडा, मग तुलना करा. केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅब मिळालेल्या शाळांत आर्डुइनो बहुधा कपाटात असतोच. तिथे नवीन खरेदीआधी ते कपाट उघडावं. कोणताही बोर्ड घेतलात तरी मुलाला एक द्यायचा हट्ट धरू नका. तिघांत एक पुरतो. चौथ्याला हात लावायला मिळत नाही, म्हणून चार नकोत.

मॅडमना मी सहावी-सातवीला मायक्रोबिट सांगितला आणि आर्डुइनो आठवीसाठी ठेवायला. त्यांच्याकडे आठवीला ब्रेडबोर्डसाठी वेळच नसेल तर तिथेही मायक्रोबिटच चालू द्यावा, असंही म्हटलं. घाईत लावलेल्या वायरींनी पोरांचा विश्वास उडतो आणि तो परत आणायला फार वेळ लागतो.

निघताना त्यांनी दोन प्लास्टिकचे डबे मागितले. एकावर लाल टेप लावून मी ५ लिहिलं, दुसऱ्यावर हिरव्या टेपवर ३. निळा बोर्ड आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर लाल डब्यात गेले, मायक्रोबिट आणि दोन सेलची डबी हिरव्यात. मगरचिमटे कुठे ठेवायचे, असं त्यांनी विचारलं. मी हिरव्या डब्याकडे बोट दाखवलं.