मूव्हिंग बँड आणि स्लायडिंग मेश: फरक एअर गॅपमध्ये आहे

कोल्हापुरात इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला मोटरचा प्रोजेक्ट घेणारी मुलं मूव्हिंग बँड आणि स्लायडिंग मेश ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. संगणकावरच्या मॉडेलमध्ये मोटर फिरवण्याच्या या दोन पद्धती. स्क्रीनवर दिसतंही सारखंच: रोटरची (फिरणाऱ्या भागाची) मेश, म्हणजे हिशेबासाठी पाडलेल्या बारीक तुकड्यांची जाळी, रोटरबरोबर फिरते, स्टेटरची (स्थिर भागाची) जागची हलत नाही. फरक आहे तो दोघांमधल्या फटीत, म्हणजे एअर गॅपमध्ये. आणि टॉर्क (फिरवणारा जोर) तिथेच मोजायचा असल्याने त्याकडे काणाडोळा करून चालत नाही.

मूव्हिंग बँडमध्ये गॅपच्या मधला एक पातळ थर राखून ठेवतात. रोटर सरकला की तेवढ्याच थरातले त्रिकोण मोडून नव्याने जोडले जातात. नोड (त्रिकोणांचे कोपरे) तेच राहतात, कोणता कोणाला जोडलाय ते बदलतं. गेटडीपी (GetDP) या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. स्लायडिंगमध्ये मात्र एकही एलिमेंट (मेशचा तुकडा) मोडत नाही. गॅपमध्ये एक वर्तुळ आखलेलं असतं, त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगवेगळे नोड असतात, आणि ते समोरासमोर आले नाहीत तरी मॉर्टरसारख्या गणिती पद्धतीने दोन्हीकडचं फील्ड सांधलं जातं. एल्मर (Elmer) हे सॉफ्टवेअर हा मार्ग धरतं.

गोंधळ होण्याचं कारणही खरं आहे. वर्तुळाचे समान भाग पाडले आणि रोटर दर वेळी नेमका पूर्ण भागांनीच फिरवला, तर नोड पुन्हा नोडसमोरच येतात आणि दोन्ही पद्धतींत फारसं काही वेगळं उरत नाही.

समजा, 24 स्लॉट (स्टेटरवरच्या गुंडाळ्यांच्या खाचा) आणि 4 पोलची परमनंट मॅग्नेट मोटर आहे. गॅप 0.6 मिमी, तिची त्रिज्या 40 मिमी. वर्तुळाचे 720 भाग केले तर एक भाग 0.5 अंशाचा, लांबी सुमारे 0.35 मिमी. गॅपमध्ये 0.2 मिमीचे तीन थर घ्या. मधला थर बँडचा. टॉर्क त्यातून न घेता शेजारच्या, न मोडणाऱ्या थरातून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

या मोटरचा कॉगिंग टॉर्क (वीज बंद असतानाही मॅग्नेट आणि स्टेटरच्या लोखंडाच्या ओढीने होणारा) दर 15 अंशांनी पुन्हा तसाच यायला हवा. आता रोटर 0.1 अंशाने फिरवून पाहा. आलेखावर दर 0.5 अंशाला बारीक दाते उमटले तर ते मोटरचे नाहीत, मेशचे आहेत. भाग 1440 करा, दाते 0.25 अंशावर येऊन लहान झाले की खात्री पटते. रोटर 0.5 अंशानेच फिरवत राहिलात तर हे दाते दिसतच नाहीत, म्हणून ही तपासणी प्रत्येकाने एकदा तरी करावीच.

द्विमितीय कामाला मी बँड घेईन. इंडक्शन मोटरच्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या) रोटरमध्ये बार बहुधा तिरके असतात. ते त्रिमितीत घ्यायचे तर दर पावलाला थर नव्याने विणणं जिकिरीचं होतं, तिथे स्लायडिंगच बरी.

वरच्या 4 पोलच्या मोटरचा एकच पोल मॉडेल करत असाल तर दोन्हींत एक गोष्ट सारखीच सांभाळायची: रोटरचा जो भाग 90 अंशांची सीमा ओलांडून जातो, तो दुसऱ्या टोकाला जोडताना फील्डचं चिन्ह उलटं करायचं.