खुलासा: ‘मूळ’ खेळातही सगळं पक्कं नव्हतं

आमच्या यवतमाळकडे जागलीवर बॅटरीच्या उजेडात डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्रं घेऊन, फासे टाकत खेळायचा कल्पित साहसांचा खेळ) खेळणाऱ्या पोट्ट्यांमध्ये एक समज घट्ट बसलाय: १९७४चा मूळ खेळ परिपूर्ण होता, नंतरच्यांनी तो बिघडवला.

हे खरं नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या पहिल्या तीन पुस्तिकांत लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू एवढेच वर्ग, म्हणजे पात्रांचे प्रकार, होते. ‘जुन्या खेळाची ओळख’ म्हणून मिरवला जाणारा चोर १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आला. शस्त्रागणिक वेगळी इजाही तिथलीच. आधी खंजीर काय नि तलवार काय, सहा बाजूंचा एकच फासा. वीस बाजूंच्या फाशाने वार लागला की नाही हे ठरवणं तर मुळात ‘पर्यायी’ पद्धत म्हणून छापलं होतं. मुख्य आधार ‘चेनमेल’ या युद्धखेळाचा होता.

चिलखताचा आकडा (पात्राला वार लागणं किती कठीण ते सांगणारा) जितका कमी तितका चांगला, हा नियम मात्र खरंच जुना. तो २००० साली तिसऱ्या आवृत्तीत उलटला, आणि बरंच झालं. नवं पोर आता वजाबाकीत अडकत नाही.

१९७४च्या त्या तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी लेखकच सांगतात, खेळ कसा हवा ते तुम्हीच ठरवा. म्हणून कोणी टिपेश्वरचा वाघ खेळात आणला, तर ‘हे मुळात नाही’ म्हणून त्याला उठवू नका.