आधी एक कोपरा पेरून बघू

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास मक्याचं संकरित बियाणं आलं. उत्पन्न साधारण २० टक्के जास्त, शिवाय दुष्काळात तग धरणारं. तरी पहिल्या पाच वर्षांत शंभरातले जेमतेम १० शेतकरी त्याच्या वाटेला गेले. पुढच्या तीनच वर्षांत ते ४० झाले. ब्राइस रायन आणि नील ग्रोस या समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांना गाठलं आणि १९४३ मध्ये ही हकिकत मांडली. बियाण्याची खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून लागली होती. पटलं मात्र शेजाऱ्यामुळे.

शेतकऱ्यांच्या या थांबून बघण्याला अडाणीपणा म्हणणं मला मान्य नाही. संकरित मक्याचा जोम पहिल्याच पिढीत. त्याचेच दाणे पुढच्या वर्षी पेरले तर उतारा घसरतो. म्हणजे घरचं बी राखायची सोय गेली आणि दरवर्षी पैसे मोजणं आलं. चुकलं तर अख्खं वर्ष हातचं जाणार. नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात यावर पुढे आयुष्यभर काम केलेले एव्हरेट रॉजर्स आयोवाच्याच शेतकरी घरातले. त्यांच्या वडिलांना नव्या यंत्रांची भारी हौस, पण या मक्याला कित्येक वर्षं नकार. १९३६ च्या दुष्काळात त्यांचं पीक करपलं, शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला. तेव्हा कुठे ते वळले.

उशिरा आलेल्यांनीही सगळं रान एकदम पेरलं नाही, आधी थोडी जागा. बी असं चाखून बघता येतं. अर्धा फोन मात्र कोणी विकत नाही, आणि अख्खी वस्तू स्वतः घेऊन इतरांना थोडी थोडी वापरू देणाऱ्या उद्योजकाची गरज नेमकी इथे पडते.

बांगलादेशात १९९७ पासून, गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या ‘ग्रामीण बँके’च्या कर्जदार बायकांनी मोबाइल घेतले आणि मिनिटांच्या हिशेबाने गावाला बोलू दिलं. कर्जाची जोखीम एकीची, बाकीच्यांना खर्च एका कॉलपुरता. शहरात मालाला भाव काय, परदेशातल्या मुलाने पैसे धाडले का, हे विचारायला शहर गाठण्यापेक्षा ते स्वस्त पडे. ट्रॅक्टरचं गणितही तेच. वर्षातले मोजके दिवस काम, एरवी उभाच. एकाने घेऊन दहा जणांची नांगरट केली तर तो परवडतो. (सुटा भाग जवळपास मिळाला तर! योजनांच्या कागदांत ही ओळ सहसा राहून जाते.)

फोनवाल्या बायकांचा धंदा पुढे बसला. हँडसेट स्वस्त झाले, ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि एका कॉलसाठी त्यांच्या दारात कोणी येईनासं झालं.