गोळीचं वजन तेच, म्हणून दाबही तोच? नाही!
गोव्यातल्या नेमबाजांत एक समज फार दिवस फिरतोय: स्वतः काडतुसं भरताना गोळीचं वजन सारखं असलं की बंदुकीच्या दारूचं मापही तेच चालतं. हा समज घातक आहे. तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम, शिशाची ११.३४, म्हणून १५० ग्रेनची (सुमारे ९.७ ग्रॅमची) निव्वळ तांब्याची गोळी शिसं भरलेलीपेक्षा लांब असते. काडतुसाची एकूण लांबी तीच ठेवली तर ती पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळीत) खोल बसते, दारूची जागा आकसते, दाब चढतो. जाड भिंतीच्या लष्करी पुंगळीतही तेच. त्यात मे महिन्यात म्हापशाच्या उन्हात गाडीत तापलेली काडतुसं, म्हणजे दाब आणखी चढतो! दाब वाढल्याची खूण म्हणून प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी) चपटा होण्याची वाट पाहू नका, तो फसवतो. एक भाग जरी बदलला, तरी त्याच गोळीच्या दारू-मापाच्या तक्त्यातल्या किमान मापापासून पुन्हा सुरुवात करा. आणि काडतुसं बनवायला शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे वेगळा परवाना लागतो.