लेसर शोषण वर्णपटविज्ञान

हवेत लेशमात्र असणारे वायू लेसर किरणाच्या शोषणावरून ओळखण्याची व मोजण्याची पद्धत. प्रत्येक वायूचे रेणू अवरक्त प्रकाशातल्या ठरावीक तरंगलांब्याच शोषतात: मिथेनच्या काही रेषा (शोषणाच्या अरुंद तरंगलांब्या) 1.65 मायक्रोमीटरजवळ, तर कार्बन मोनॉक्साइडचा ठळक पट्टा 4.6 मायक्रोमीटरच्या आसपास. लेसरची तरंगलांबी अशा रेषेवरून सरकवली, की प्रकाश किती घटला त्यावरून बिअर-लँबर्ट नियमाने वायूचे प्रमाण काढता येते.

अडचण प्रमाणाची. दर दहा लाख रेणूंमागे मिथेनचे जेमतेम दोन. हातभर हवेतून गेलेला किरण जवळपास जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून त्याची वाट लांबवतात. हेरियट सेलमध्ये तो दोन अंतर्वक्र आरशांमध्ये पुन्हापुन्हा ये-जा करतो. अवरक्त किरण दिसत नसल्याने जुळणीसाठी लाल लेसर सोडतात, तेव्हा आरशावर लाल ठिपक्यांचे कडे उमटते. 1988 मध्ये पुढे आलेली ‘कॅव्हिटी रिंग-डाउन’ पद्धत याहून चतुर. 99.999 टक्के परावर्तन करणारे आरसे 20 सेंटीमीटरवर ठेवले, तर प्रकाशाचा प्रवास सुमारे 20 किलोमीटर भरतो, म्हणजे शनिवारवाड्यापासून सरळ रेषेत सिंहगड! इथे प्रकाश विझायला लागणारा वेळ मोजतात, त्यामुळे लेसर थोडा कमीजास्त झाला तरी बिघडत नाही.

शहरातली सरकारी हवा-गुणवत्ता केंद्रे सहसा वेगळ्या पद्धती वापरतात. नायट्रोजन डाय-ऑक्साइडसाठी रासायनिक प्रदीप्ती, म्हणजे रासायनिक क्रियेतून निघणारा प्रकाश मोजणे; सल्फर डाय-ऑक्साइडसाठी अतिनील प्रतिदीप्ती, म्हणजे अतिनील किरण पडल्यावर रेणू देतात तो प्रकाश मोजणे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2009 पासून सिंहगडावर हवेचे नमुने कुप्यांत भरून हरितगृह वायू मोजले. कुप्यांतून मोजकेच आकडे हाती येतात. लेसर यंत्र दर काही सेकंदांना आकडा देते.

पुण्यात या यंत्राची खरी परीक्षा पावसाळ्यात. जुलैत हवेच्या शंभर रेणूंतले दोन-तीन पाण्याचे असतात. बाष्प बाकी वायूंची जागा घेते; ते 3 टक्के झाले, की तेवढ्यानेच मिथेनचा दर अब्जामागे 1,900 चा आकडा 57 ने उतरतो. गंमत म्हणजे याच महिन्यांत नैऋत्य मोसमी वारे समुद्रावरची स्वच्छ हवा आणतात आणि मिथेन खरोखरही घटते. खरी घट कुठली आणि बाष्पाने दाखवलेली कुठली, हे वेगळे काढण्यासाठी नमुना आधी सुकवतात, किंवा बाष्पाचीही रेषा त्याच यंत्रात मोजून आकडा कोरड्या हवेवर आणतात. नमुन्याचा दाबही कमी ठेवतात. नाहीतर रेषा पसरतात आणि पाण्याची रेषा शेजारणीच्या अंगावर चढते.