गेलिकसाठी झोळी फिरवणारे ग्रीकचे प्राध्यापक

एडिनबरा विद्यापीठात १८८२ साली केल्टिक (गेलिक, आयरिश, वेल्श अशा भाषांचं) अध्यासन सुरू झालं. पहिले प्राध्यापक डोनाल्ड मॅकिनन. गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातली भाषा, त्यांची मायबोली. पण त्यासाठी पैसा जमवला तो ग्लासगोत जन्मलेल्या एका बँकवाल्याच्या मुलाने, जॉन स्टुअर्ट ब्लॅकी यांनी (१८०९–१८९५). आणि ते शिकवायचे ग्रीक!

ब्लॅकी आधी जर्मनीत शिकले, वकिलीची सनद मिळवली, १८३४ मध्ये जर्मन कवी गटेचं ‘फाउस्ट’ हे नाटक इंग्रजीत आणलं. १८३९ मध्ये ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात लॅटिनची जागा मिळाली, पण रुजू होण्याआधी चर्चच्या धर्ममतावर सही करायची होती. यांनी ती केली आणि वर जाहीरही केलं की, ही सही प्राध्यापकाच्या नात्याने आहे, माझी खासगी श्रद्धा म्हणून नाही. झालं! धर्ममंडळ बिथरलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि खुर्चीवर बसायला १८४१ उजाडलं. धर्मशास्त्राबाहेरच्या प्राध्यापकांची ही सहीची अट पुढे १८५३ च्या कायद्याने गेली.

१८५२ मध्ये ते एडिनबराला ग्रीकचे प्राध्यापक झाले. ग्रीक ही मेलेली भाषा नाही, आजचे ग्रीक लोक बोलतात तसेच तिचे उच्चार करा, हा त्यांचा हट्ट. होमरचं ‘इलियड’ त्यांनी पोवाड्याच्या जवळच्या चालीत, बॅलडच्या छंदात उतरवलं (१८६६). त्यांच्या स्वतःच्या कवितेतही जोम भरपूर, रंधा मात्र कमीच फिरलेला.

वर्गातल्या शिस्तीबद्दल न बोललेलं बरं. खांद्यावर चौकड्यांची शाल, हातात काठी, पांढरे लांब केस. त्यांच्या नावावर एक किस्सा सांगतात. दारावर सूचना होती: ब्लॅकी आज आपल्या ‘क्लासेस’ना भेटणार नाहीत. एका पोराने पहिलं अक्षर खोडलं, उरल्या ‘लासेस’, म्हणजे पोरी. ब्लॅकींनी येऊन आणखी एक खोडलं. उरली ‘ॲसेस’, गाढवं. (हाच किस्सा इतर प्राध्यापकांच्या नावावरही खपतो.)

भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडात जगते, हे ग्रीकबद्दलचं म्हणणं त्यांनी गेलिकलाही लावलं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबानला घर केलं, गेलिक शिकले, तिथल्या कवितांची भाषांतरं केली. जमिनीवरून हुसकलेल्या हायलँडच्या कुळांची बाजूही घेतली. मग गावोगाव व्याख्यानं देत, ओळखीपाळखीच्यांना गळ घालत चार वर्षांत जवळपास १२,००० पौंड उभे केले.

मॅकिनन खुर्चीवर बसले त्याच वर्षी, तीस वर्षांच्या नोकरीनंतर, ब्लॅकींनी ग्रीकची खुर्ची सोडली.