गारुड्याचा खेळ (पुणे)

रस्त्याच्या कडेला, बाजारात किंवा जत्रेच्या मैदानात मंचाशिवाय आणि तिकिटाशिवाय केला जाणारा हातचलाखीचा खेळ. तो करणाऱ्याला पुण्यात गारुडी, मदारी किंवा नुसते जादूवाला म्हणतात. साप बाळगतो तो गारुडी आणि माकड नाचवतो तो मदारी, असा भेद कागदावर करता येतो. पण एकाच घरातले भाऊ तिन्ही धंदे करताना दिसत आले आहेत, तेव्हा तो फार ताणण्यात अर्थ नाही. डोंबारी व कोल्हाटी यांच्या दोरावरच्या कसरती ही वेगळी कला असून तिचा विचार येथे केलेला नाही.

प्राचीन उल्लेख : संस्कृत साहित्यात ऐंद्रजालिक हे ओळखीचे पात्र आहे. हर्षाच्या (कार. ६०६–४७) ‘रत्नावली’ नाटिकेच्या चौथ्या अंकात तो राजाला आकाशात देवदेवता दाखवतो आणि अंतःपुराला आग लागल्याचा भास निर्माण करतो. मात्र हा दरबारी जादूगार आहे, रस्त्यावरचा नव्हे. मराठीत ज्ञानेश्वरांनी भासमान सृष्टीसाठी ‘वोडंबरी’ हा शब्द योजला आहे. एकनाथांच्या (सु. १५३३–९९) भारुडांत वासुदेव, जोशी, कोल्हाटी यांच्याबरोबर गारुडीही येतो. भारुडांतील ही पात्रे पैठणच्या बाजारात वावरणाऱ्या माणसांवरून घेतली असावीत, हे मत ग्राह्य वाटते. त्यांच्या तोंडची भाषा पोथीतली नाही.

दोरीचा प्रश्न : गारुडी आभाळात दोरी फेकतो, ती ताठ उभी राहते, पोरगा वर चढून नाहीसा होतो, मग त्याचे तुटलेले अवयव खाली पडतात आणि शेवटी तो जिवंत होऊन उभा राहतो. या खेळाची प्राचीनता सिद्ध करण्यासाठी नेहमी शंकराचार्यांचा आधार दिला जातो. ब्रह्मसूत्रभाष्यात (१.१.१७) ढाल-तलवार घेऊन सूत्रावरून (दोरीवरून) आकाशात चढणाऱ्या मायावीचा दृष्टांत आहे; खरा मायावी जमिनीवरच उभा असतो आणि चढताना दिसतो तो भास, असे आचार्य सांगतात. आचार्यांचा काळ परंपरेने ७८८–८२० असा मानतात, तर अलीकडचे अभ्यासक तो आठव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे नेतात. काळ कोणताही धरला, तरी या दृष्टांतावरून अशी कल्पना तेव्हा लोकांच्या परिचयाची होती एवढेच म्हणता येते. खेळ प्रत्यक्ष होत होता, असे त्यावरून ठरत नाही.

अवयव खाली पडण्यासह सबंध खेळ ‘डोळ्यांनी पाहिल्या’चे सर्वांत प्रसिद्ध जुने वर्णन मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याचे आहे. ते चौदाव्या शतकाच्या मध्यावरचे आहे, पण हिंदुस्थानातले नसून चीनमधल्या हांगचौचे आहे. त्यात दोरीऐवजी चामडी वाद्या अडकवलेला लाकडी गोळा आहे. शेजारी बसलेल्या काजीने बतूताला तेव्हाच सांगितले होते, की कोणी चढले नाही आणि कोणी उतरले नाही, ही सगळी नजरबंदी आहे. काजीचे हे वाक्य नंतरच्या लेखकांनी सोयीस्करपणे गाळलेले दिसते.

हा खेळ हिंदुस्थानच्या नावावर पक्का बसला तो ८ ऑगस्ट १८९० रोजी ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये छापून आलेल्या एका वृत्तांतामुळे. दोन अमेरिकनांनी हा प्रकार पाहिला, एकाने चित्र काढले, दुसऱ्याने छायाचित्र घेतले आणि छायाचित्रात दोरी आलीच नाही, असा त्याचा मथितार्थ होता. वृत्तांत बनावट असल्याचे त्या पत्राने चार महिन्यांनी छापले. लिहिणारा जॉन विल्की पुढे अमेरिकेच्या गुप्त सेवेचा प्रमुख झाला. खुलासा फार कोणी वाचला नाही आणि बातमी मात्र जगभर गेली. १९३४ मध्ये लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ या जादूगारांच्या संस्थेने हा खेळ उघड्यावर करून दाखवणाऱ्यास ५०० गिनींचे बक्षीस लावले, ते कोणी नेले नाही. दोरीच्या खेळाची कीर्ती मुख्यतः वर्तमानपत्रांनी घडवली, हेच मत आज पुराव्याला अधिक धरून आहे. कीर्तीचा उपयोग मात्र गारुड्यांना झाला. पुण्यातल्या रिंगणातही झोळीतली दोरी दाखवून ‘ही शेवटी’ असे सांगण्याची पद्धत आहे. ती शेवटपर्यंत झोळीतच राहते.

आंब्याचा खेळ : कोय पेरून काही मिनिटांत रोप, झाड आणि फळ दाखवण्याचा हा खेळ दोरीपेक्षा पुष्कळ विश्वसनीय नोंदींत सापडतो. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हिरव्या व पिकल्या फळांसह उगवणाऱ्या या आम्रवृक्षाचा, आणि करणारे किती लपवाछपवी करीत याचाही, उल्लेख आहे. फ्रायर १६७५ मध्ये जुन्नरला येऊन गेला होता. पण हा खेळ त्याने जुन्नरलाच पाहिला असे धरू नये. आंबाच का, याचे उत्तर पानात आहे. आंब्याचे पान चिवट असते. दुमडून कापडाच्या घडीत दाबून ठेवले तरी ते न चुरगळता पुन्हा उघडते. तीन काठ्यांवर टाकलेल्या फडक्याआड लहान, मध्यम, मोठी अशा फांद्यांची अदलाबदल होते.

वाट्या आणि गोळ्या : जाणकार गारुड्याला त्याच्या वाट्यांवरून जोखतात. वाट्या लाकडी किंवा धातूच्या, उथळ, घंटेच्या आकाराच्या असतात आणि माथ्यावर बोंड असते. गोळ्या चिंधीच्या. पाश्चात्त्य जादूगार उंच पेले टेबलावर ठेवून उभ्याने हा खेळ करतो, गारुडी उकिडवा बसून जमिनीवर करतो. वाटीचे बोंड तो पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरतो, त्यामुळे त्याच हाताची उरलेली बोटे गोळी लपवायला मोकळी राहतात. वाटी जमिनीला टेकवताना तिच्या कडेखालून गोळी आत सरकते. एकच हात ठेवतोही आणि घालतोही. प्रेक्षक मात्र दुसऱ्या, कांडी धरलेल्या हाताकडे पाहत असतो, कारण बोलणे त्या हाताबद्दल चाललेले असते. भोवताली चारी बाजूंनी माणसे आणि टेबलाची आड नाही, अशा जागी हे साधायला लहानपणापासूनचा सराव लागतो. शेवटी वाटीखालून गोळीऐवजी लिंबू, कांदा किंवा कोंबडीचे पिल्लू निघते. दोरीवर इतकी शाई खर्ची पडली, त्यातली थोडी या वाट्यांच्या वाट्याला यायला हवी होती.

रिंगण : खेळाचा निम्मा भाग गर्दी जमवण्यात असतो. धंद्याच्या बोलीत याला मजमा लावणे म्हणतात. डमरू किंवा बासरी वाजते, पोरे आधी येतात, मग गारुडी पाण्याने किंवा राखेने जमिनीवर वर्तुळ आखतो. एक झाकलेली टोपली मध्यभागी ठेवून तो तिच्यावर अधूनमधून टिचकी मारतो. आत नाग आहे आणि मुंगसाशी त्याची झुंज होणार आहे, अशी ग्वाही देत राहतो. झुंज सहसा होत नाही. हाताची घडी सोडा, मुठी उघडा, मध्येच कोणी उठून जाऊ नका, अशा सूचना मंत्राच्या नावाखाली दिल्या जातात. खरा हेतू गर्दी फुटू नये हा असतो. बोली दखनी हिंदी आणि मराठी यांची सरमिसळ. ‘काली कलकत्तेवाली, तेरा वचन न जाए खाली’ ही पुकार पुण्यातही तशीच चालते. जादू बंगालचीच खरी, हा समज बंगाली जादूगार पी. सी. सरकार (१९१३–७१) यांच्या कितीतरी आधीचा आहे. सरकारांच्या जाहिरातींनी तो अधिक घट्ट केला.

साथीदार पोरगा म्हणजे जमुरा. डोळे बांधून चादरीखाली झोपलेला हा पोरगा गर्दीतल्या माणसाच्या शर्टाचा रंग किंवा हातातली वस्तू ओळखतो. खूण प्रश्नाच्या शब्दांत असते. ‘सांग’, ‘लवकर सांग’ आणि ‘बघून सांग’ यांची उत्तरे वेगवेगळी ठरलेली असतात, आणि हा शब्दकोश प्रत्येक घराचा आपापला असतो. पैसे मागण्याची वेळही ठरलेली. पोराच्या गळ्यात सुरा दिसतो, चादर लाल होते आणि बरोबर तिथे गारुडी थांबतो. ‘पापी पेट का सवाल है’ म्हणत तो रिंगणात फिरतो, आणि पुरेसे जमल्याशिवाय पोरगा उठत नाही. खेळ संपल्यावर कोणी पैसे देत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. अलीकडे चादरीच्या कडेला क्यूआर कोडची पाटीही दिसते. सुटे नाहीत ही सबब तेवढी गेली.

काही गारुडी खेळानंतर ताईत व अंगठ्या विकतात. ही सगळी हाताची सफाई आहे, असे तोंडाने सांगून पाच मिनिटांत ताईत विकायला काढणे यात त्यांना विसंगती वाटत नाही. गिऱ्हाइकालाही वाटत नसावी.

पुण्यातील जागा व वर्षचक्र : मंगळवार पेठेतला जुना बाजार (रविवार व बुधवार), मंडई, शनिवारवाड्याचे पटांगण, सारसबागेचा परिसर, पुणे स्टेशन आणि स्वारगेट या नेहमीच्या जागा. दिवस साधारणपणे बाजाराच्या वेळेवर बेतलेला. दुपारी गर्दी पांगली की बिऱ्हाडावर परत, संध्याकाळी पुन्हा एखादे रिंगण. पावसाळ्यात उघड्यावर खेळ लागत नाही; अपवाद पालख्या पुण्यात मुक्कामी असतानाचा. ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत उतरतात तेव्हा आसपासच्या गल्ल्यांत गर्दी आयती मिळते. त्यानंतर गणेशोत्सव, नवरात्रातली चतुःशृंगीची जत्रा आणि पुढे गावोगावच्या यात्रा.

कायदा : राज्याच्या भटक्या जमातींच्या (ब) यादीत गारुडी आहेत, शिवाय मुस्लिम मदारी, गारुडी, सापवाले व जादूगर अशीही नोंद आहे, या प्रवर्गाला २.५ टक्के आरक्षण आहे. एकीकडे शासन जादूगर ही जात मानते. दुसरीकडे मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करणे या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणे ही भीकच धरली आहे. त्याखाली पहिल्या वेळेसही एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या अधिनियमातील बरीच कलमे घटनाबाह्य ठरवली, पण तो निकाल दिल्लीपुरता आहे. प्रत्यक्षात पोलीस या कायद्याचे नाव क्वचितच घेतात. ‘चल, उठ’ एवढ्यावर काम भागते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे नाग व मुंगूस बाळगणे गुन्हा ठरला आणि धंद्याचे स्वरूप बदलले. साप गारुड्याच्या हातून सर्पमित्रांकडे गेला. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले ते याच संक्रमणकाळात. पुढे कात्रजला सर्पोद्यान झाले. गारुड्यांच्या पुढच्या पिढीतील काहींनी साप सोडून निव्वळ हातचलाखी धरली, बाकीचे फुगे, खेळणी आणि बिगारीकडे वळले.

जादूटोणाविरोधी कायदा (२०१३) हा तिसरा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर हत्या झाली, त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये अधिनियम आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे व लोकांना फसवणे, तसेच सर्पदंशावर औषधोपचार रोखून मंत्र-गंडेदोरे करणे, या गोष्टी त्याच्या अनुसूचीत आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. रिंगणातला खेळ त्यात बसत नाही. ताईत बसू शकतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आपल्या सादरीकरणात पोटॅशियम परमँगनेट व ग्लिसरीन यांनी आपोआप पेट घेणारा होम दाखवतात आणि लगेच त्यामागचे रसायनही सांगतात. रहस्य फोडल्याबद्दल गारुडी त्यांच्यावर नाराज असतात, आणि हे समजण्यासारखे आहे.

रंगमंचाशी संबंध : पुण्याला मराठी जादूचे नाव मिळाले ते जादूगार रघुवीर (रघुनाथ भोपळे, १९२४–८४) यांच्यामुळे. चाकणजवळच्या आंबेठाणचे रघुवीर यांनी देशात व परदेशांत प्रयोग केले. मुलाने व नातवाने ही परंपरा चालू ठेवली. नाट्यगृहातली पेटी, दिवे, संगीत हे सारे रस्त्यावर नसते, तरी रघुवीर यांच्या जाहिरातीतला फेटेवाला जादूगार पाहून फेटा चढवणारे गारुडी होते. उलट दिशेची देवाणघेवाण वाट्यांच्या आणि रिकाम्या न होणाऱ्या पाण्याच्या लोट्याच्या खेळात दिसते. ते रस्त्यावरून मंचावर गेले.

सोसायट्यांतले वाढदिवस आणि शाळांची स्नेहसंमेलने हे आज उत्पन्नाचे अधिक भरवशाचे साधन आहे. तेथे सुरा आणि लाल चादर चालत नाही, कवटी व हाड झोळीतच ठेवावे लागते, आणि जमुऱ्याच्या जागी यजमानांचा मुलगा उभा केला जातो. फर्ग्युसन रस्त्यावर पत्त्यांचे खेळ करून मोबाइलवर चित्रित करणारे तरुण हे गारुड्यांच्या घरांतले नसून बहुधा पुस्तके व चित्रफिती पाहून शिकलेले असतात. स्त्रिया रिंगणात जादू करताना दिसत नाहीत. पैसे गोळा करणे, सामान शिवणे आणि फांद्या, गोळ्या, फडकी तयार ठेवणे ही कामे त्यांच्याकडे असतात.